लंगरातले मुख्य पाहुणे

परेड बघणाऱ्याने परेड करणाऱ्याशी कधी बोलू नये. बघणाऱ्याला वाटतं, काय ती शिस्त, काय तो रुबाब, छाती भरून येते बघा. करणाऱ्याच्या डोक्यात त्या वेळी काय चाललेलं असतं ते मी सांगतो, कारण फौजेतली माझी निम्मी नोकरी त्यातच गेली. नाकाच्या शेंड्यावर माशी बसलेली असते आणि ती कधी उठेल याचा विचार चाललेला असतो. बुटाच्या आत अंगठा हलवत राहायचं असतं, नाहीतर रक्त पायात उतरून माणूस धाडकन पडतो. पुढच्याच्या मानेवरचा तीळ पाठ झालेला असतो. आणि नाश्त्याला पुरी आहे की डबलरोटी, हा मोठा प्रश्न असतो. देश मनात असतोच, नाही असं नाही. पण नाकावर माशी बसली की त्याचा नंबर जरा मागे जातो.

मी शिरसाठ, राहणार लासलगाव. तोफखान्यात हवालदार होतो. सहा फुटांच्या वर उंची, आणि तोच माझा गुन्हा. परेडला माणसं उंचीप्रमाणे लावतात, उंच उजवीकडे आणि बुटके डावीकडे. त्यामुळे मी कायम पहिल्या रांगेत उजव्या टोकाला. तिथला माणूस चुकला की त्याच्या धोरणाने चालणारी अख्खी रांग चुकते, म्हणून त्याला आजारी पडायचीसुद्धा सोय नसते. माझ्या मागे बहिरू असायचा. हा सिन्नरचा गडी. ओठ न हलवता बोलायची कला त्याला येत होती. सावधानमध्ये उभा राहून तो अशा गोष्टी बोलायचा की पुढच्या माणसाला हसू दाबताना घाम फुटावा.

साल अठ्ठ्याण्णव. आमची रेजिमेंट नाशिकच्या छावणीत होती. नंबर सांगत नाही, उगाच कुणाच्या जिवाला लागायला नको. त्या वर्षी रेजिमेंटला पन्नास वर्षं पूर्ण होत होती आणि जानेवारीच्या शेवटी मोठी परेड ठरली होती. सलामी घ्यायला दिल्लीहून एक बडे पाहुणे येणार होते. पाहुणे येणार म्हटल्यावर छावणीत जे सुरू होतं त्याला आम्ही आपसात लग्नघर म्हणायचो. फरक इतकाच की लग्नघरात निदान करवल्या तरी असतात.

रस्त्याकडेच्या दगडांना चुना लागला. मंचाच्या बाजूने दगडांचा जो भाग दिसतो तेवढ्यालाच, कारण मागची बाजू पाहुणे बघणार नव्हते. झाडांना कंबरेपर्यंत गेरू फासला. मैदानावर एका कोपऱ्यात गवत वाळलं होतं, तिथे हिरवा रंग पाण्यात कालवून फवारला. दुसऱ्या दिवशी एक गाय तिथे आली, वास घेऊन आमच्याकडे बघत राहिली आणि निघून गेली. तिच्या तोंडावरचा भाव मला अजून आठवतो. तोफांना एवढं पॉलिश झालं की सुभेदार मेजर जगदाळे साहेब त्यांच्यात बघून मिशा नीट करायचे.

जगदाळे साहेब साताऱ्याकडचे. बगलेत कायम वेताची काठी. आवाज असा की त्यांनी मैदानावर 'सावधान' म्हटलं तर पलीकडच्या रस्त्यावरचा सायकलवाला ब्रेक मारायचा. परेडची सगळी जबाबदारी त्यांच्यावर होती.

आता पाहुणे यायचे शेवटच्या दिवशी, पण तालीम महिनाभर आधी सुरू होते. तालमीत सलामी कुणाला द्यायची? रिकाम्या मंचाला सलामी दिली तर माना कुणीकडे वळवायच्या आणि नजर कुठे ठेवायची तेच कळत नाही. म्हणून फौजेत एक रिवाज आहे, तालमीला पाहुण्यांच्या जागी एखादा माणूस उभा करतात. तोही पाहुण्यांच्याच अंगलटीचा लागतो, म्हणजे माइकची उंची, पायरीची उंची आणि फोटोवाल्याची जागा आधीच ठरवता येते. पाहुण्यांचा फोटो दिल्लीहून आला. बुटके, गोल, पोट पुढे. अख्ख्या रेजिमेंटमध्ये त्या मापाचा एकच माणूस निघाला. तो म्हणजे देवराम भोये, आमचा आचारी.

देवराम सुरगाण्याकडच्या डोंगरातला. लंगरात, म्हणजे आमच्या सैपाकघरात, चुलीपुढे उभा राहून त्याचं अंग सुटलं होतं. स्वभावाने इतका गरीब की कुणी भाजीला नावं ठेवली तरी म्हणायचा, बरोबर हाय. त्याला साहेबाने मंचावर चढवलं आणि आमची महिनाभराची करमणूक सुरू झाली.

पहिल्या दिवशी आमची तुकडी मंचासमोर आली. 'दहिने देख' झालं, आमच्या माना खटकन वळल्या, आणि बघतो तर आमच्या आधीच देवरामने आम्हाला कडक सॅल्यूट ठोकलेला. एवढी फौज अंगावर चालून आली म्हटल्यावर त्याला दुसरं काही सुचलं नसणार. जगदाळे साहेब धावत मंचापाशी आले.

"अरे भोये, तू साहेब आहेस. आधी ते करतील, मग तू."

"जी साहेब," असं म्हणून देवरामने त्यांना सॅल्यूट केला.

"मला कशाला करतोस? तू मोठा आहेस. मी तुला करायचा."

"जी साहेब," म्हणून देवरामने परत केला.

साहेबांनी काठी दुसऱ्या बगलेत घेतली आणि आकाशाकडे बघितलं. नवीन माणसं घेऊन तोफ डागणं एक वेळ परवडलं, पण देवरामला साहेब बनवणं त्यांना जड जात होतं.

हळूहळू जमलं त्याला. आम्ही उन्हात गोल गोल फिरायचो आणि देवराम मंडपाच्या सावलीत उभा राहून आमच्या सलाम्या घ्यायचा. बँड थांबला की तो टणकन खाली उडी मारून लंगरात पळायचा आणि चहाची किटली घेऊन यायचा. ज्या हाताने सलामी घेतली त्याच हाताने चहा ओतायचा. बहिरू त्याला वाकून म्हणायचा, "साहेब, कालच्या डाळीत मीठ कमी होतं." हे मात्र थट्टेतलं नव्हतं. देवरामच्या डाळीत कायमच मीठ कमी असायचं, आणि सांगून सांगून आमची तोंडं दुखली होती.

पाहुण्यांच्या भाषणाचीही तालीम होती. म्हणजे भाषणाला जेवढा वेळ ठेवलाय तेवढा वेळ आम्ही सावधानमध्ये उभं राहायचं आणि देवरामने माइकवर काहीतरी बोलायचं. "काय बोलू?" असं त्याने विचारल्यावर साहेब म्हणाले, "काहीही बोल. ऐकतंय कोण?" तेव्हा देवरामला जे येत होतं ते त्याने सांगितलं. चारशे माणसांच्या डाळीला फोडणी कशी द्यायची, लसूण कधी टाकायचा, रस्सा पातळ झाला तर काय करायचं. उपाशी पोटी उन्हात उभं राहून आम्ही रोज ते ऐकत होतो. पुढे खऱ्या पाहुण्यांचं भाषण झालं त्यातली एक-दोन वाक्यं सोडली तर मला काही आठवत नाही, पण देवरामचं अजून तोंडपाठ आहे.

परेडला आठवडा राहिला तेव्हा देवराम संध्याकाळी माझ्या बराकीत आला. हातातलं फडकं पिळत उभा राहिला.

"दादा, आये येते परेड बघाया."

त्याची आई भागीबाई. दर हिवाळ्यात ती गावच्या बायांबरोबर डोंगर उतरून द्राक्षाच्या कामाला पिंपळगाव बसवंतला येत असे. त्या वर्षी बागेतल्याच खोपीत राहत होती. दिवाळीच्या रजेत देवराम तिला बोलून बसला होता, परेडला ये.

"मग येऊ दे की," मी म्हटलं. "काय बिघडलं?"

तेव्हा त्याने सांगितलं. भरती झाल्यापासून त्याने आईला कधी सांगितलंच नव्हतं की तो सैपाक करतो. गावात सगळ्यांना माहीत होतं की देवराम तोफ चालवतो. भागीबाई तर हाताने तोफेचा आकार दाखवून सांगायची. फौजेत जाऊन भाकरी थापतो म्हटलं असतं तर पोरं हसली असती, आणि तिची मान खाली गेली असती. आता ती येणार, आणि परेडच्या दिवशी देवराम जेवणाच्या तंबूमागे कढईपाशी असणार.

"तिनं मला तसं बघितलं ना दादा, तर गावात तोंड नाय दाखवायची ती," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते, आणि ते कांद्याने नव्हते.

मी जरा विचार केला. परेडच्या दिवसाचे पास साहेब लोकांच्या घरच्यांना जातात. जवानांच्या घरच्यांना बोलावतात ते त्याच्या आधीच्या फुल ड्रेस तालमीला. त्या दिवशी सगळं खऱ्यासारखंच असतं. बँड, तोफा, झेंडे, कर्नलसाहेब खुर्चीत. फक्त पाहुणे खोटे.

"देवराम," मी म्हटलं, "तिला तालमीला बोलाव. तू मंचावर असशील. अख्खी रेजिमेंट तुला सलामी देताना तुझी आई बघेल. तोफेचं काय घेऊन बसलास?"

त्याच्या चेहऱ्यावर असं काही उजाडलं की मला माझ्या अकलेचं कौतुक वाटलं.

बातमी बराकीत पसरली. देवरामकडे सैपाकाच्या कपड्यांखेरीज धड असं काही नव्हतं, म्हणून ज्याचं जे अंगाला येईल ते गोळा झालं. बूट एकाचे, पट्टा दुसऱ्याचा, टोपी तिसऱ्याची. बहिरूने त्याचे बूट घासून असे चमकवले की बहिरूचे स्वतःचे राहून गेले आणि त्याला साहेबांच्या शिव्या बसल्या. पण त्याने कारण सांगितलं नाही.

तालमीच्या दिवशी सकाळीच भागीबाई एसटीने आली. लहानखुरी, काळीसावळी, लुगडं गुडघ्याच्या खाली जेमतेम. फडक्यात द्राक्षं बांधून आणली होती. परदेशी पाठवायच्या मालातून मणी लहान म्हणून काढून टाकलेली. तिला दोरीच्या पलीकडे, मंचाजवळच खुर्ची दिली. खुर्चीवर ती बसली नाही. खुर्चीला पाठ टेकून खाली बसली.

आणि मग आम्ही जे चाललो ना, तसे आम्ही आधी कधी चाललो नव्हतो आणि नंतरही नाही.

खोटं कशाला बोलू? आम्हाला परेडचा वीट आला होता. पण त्या दिवशी प्रत्येकाला माहीत होतं की देवरामची आई बघते आहे. आमच्या कुणाचीच आई कधी आली नव्हती. माझी लासलगावला कांद्याच्या खळ्यावर बसलेली असायची. बहिरूची तर राहिलीच नव्हती. त्या एका बाईत प्रत्येकाने आपापली आई बसवली असेल, मला माहीत नाही. पण ढोल वाजला आणि पाठीचा कणा आपोआप ताठ झाला. नाकावर माशी बसली की नाही ते कळलंच नाही. चारशे टाचा एका टाचेसारख्या पडत होत्या. 'दहिने देख' झालं तेव्हा माना वळल्या त्याचासुद्धा आवाज आला. मंचावर देवराम उसन्या कपड्यांत ताठ उभा होता. हात कपाळाला, हनुवटी वर. कर्नलसाहेब खुर्चीत पुढे सरकून बसले. जगदाळे साहेब बगलेतली काठी विसरून गेले होते.

तुकड्या फिरून मैदानात जागेवर आल्या. 'परेड थम.' आता भाषण. देवराम माइकपाशी गेला. सगळीकडे शांत झालं.

त्या शांततेत भागीबाई उभी राहिली. या डोंगरावरून त्या डोंगरावर हाक मारायची सवय असलेला तिचा आवाज.

"देवराम, ये देवराम."

जगदाळे साहेब वळले. काय करावं ते त्यांना कळेना. लष्करी कायद्यात याला कलम नाही.

"ही सगळी पोरं कशी चालली. किती राबली उन्हात. आन माना पोऱ्याच कसा नुसता उभा सावलीला? तुला काम नाय का दिलं?"

त्यांच्या डोंगरी बोलीत माना म्हणजे माझा. मी उजव्या टोकाला होतो, मला तिचा चेहरा दिसत होता. ती रागावली नव्हती. ती ओशाळली होती. द्राक्षाच्या बागेत सगळ्या बाया वाकून काम करत असतात आणि एक जण बांधावर कंबरेवर हात ठेवून उभा असतो. भागीबाईच्या हिशोबात मंचावरच्या माणसाची जागा ती होती. एवढ्या मोठ्या फौजेत सगळ्यांच्या पोरांना काम मिळालं, आणि आपला तेवढा बिनकामाचा निघाला, असं तिला वाटलं. आणि आम्ही जेवढे छान चाललो होतो, तेवढा देवराम बिचारा जास्तच रिकामटेकडा दिसला होता. माझ्या अकलेचं कौतुक मी तिथल्या तिथे परत घेतलं.

"साहेब," ती आता कर्नलसाहेबांकडे वळून म्हणाली, "त्याला पण शिकवा की चालाया. शिकंल तो. लहानपणी डोंगर चढायचा."

कर्नलसाहेबांनी टोपी काढली आणि परत घातली.

देवराम माइकला धरून उभा होता. त्याने आमच्याकडे बघितलं, मग आईकडे. मला वाटलं, आता हा काहीतरी थाप मारेल आणि निभावून नेईल. मारावी असंच माझ्या मनात होतं. एक थाप मारली असती तर सगळं आटोपलं असतं. पण आपण निकामी आहोत असं आईला वाटलेलं त्याला सोसलं नसावं.

"आये," तो म्हणाला. माइक चालू होता. झाडाझाडावर बांधलेले कर्णे एकामागून एक "आये, आये" म्हणत गेले. "मी तोफ नाय चालवत. खोटं सांगितलं तुला. मी सैपाक करतो. पाहुणे यायचेत ना, म्हणून मला हितं उभा केलाय."

भागीबाई दोरीपर्यंत पुढे आली.

"कुणाचा सैपाक?"

"ह्या सगळ्यांचा."

तिने मैदानावर नजर फिरवली. पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत, सावकाश, जशी भाकरीआधी माणसं मोजावीत तशी.

"ह्या येवढ्यांचा?"

"हां."

"रोज?"

"दोन्ही वेळा. चा वेगळा."

"मंग असं सांगाया काय झालं होतं?" भागीबाई म्हणाली. "मला वाटलं, नुसता उभा करून ठेवला." आणि पदराने तोंड पुसून ती खाली बसली. जिवात जीव आल्यासारखी.

कुणी हसलं नाही. बहिरूसुद्धा नाही. जगदाळे साहेबांनी उगाच घड्याळात बघितलं, घसा साफ केला, आणि मंचाखाली जाऊन हळूच विचारलं, "भोये, भाषण झालं का?"

"झालं साहेब."

"बरं झालं. वेळेत झालं," ते म्हणाले, आणि वळून एवढ्या मोठ्याने 'सावधान' ओरडले की आवाज कापरा झाला होता ते कुणाच्या लक्षात येऊ नये.

दुपारी भागीबाईपासून काही लपवायची गरज उरली नव्हती. ती सरळ लंगरात जाऊन बसली. कढया बघितल्या, तवे बघितले, एवढा मोठा पळा हातात धरून त्याचं वजन बघितलं. कणकेच्या परातीपुढे कौतुकाने उभी राहिली. मग देवरामने वाटीत डाळ दिली. तिने एक घोट घेतला, आणि आम्ही सगळे थाळ्या हातात घेऊन बघत राहिलो.

"मीठ कमी हाय," भागीबाई म्हणाली.

लंगरात असा आनंद झाला की शेजारच्या बॅटरीची, म्हणजे तोफांच्या दुसऱ्या तुकडीची, माणसं काय झालं म्हणून बघायला आली. देवरामने मान खाली घालून कधी नव्हे तो मिठाचा डबा उघडला. तिने त्याचा हात धरून दाखवलं, एवढं. मग तिने फडकं सोडून आम्हाला द्राक्षं वाटली आणि शेवटच्या एसटीच्या आत पिंपळगावला निघून गेली, कारण दुसऱ्या दिवशी माल भरायचा होता.

यथावकाश खरी परेड झाली. पाहुणे यायला उशीर झाला. कशाने ते आम्हाला कुणी सांगितलं नाही, सांगायची पद्धत नसते. ऊन चढलं. मधल्या रांगेतले दोघे आडवे झाले, त्यांना मागच्या मागे ओढून नेलं आणि रांग सरकवून भोकं बुजवली. मी बुटात अंगठा हलवत होतो. माशी आली होती. शेवटी गाड्या आल्या, पाहुणे मंचावर चढले. माइक बरोबर त्यांच्या तोंडाशी आला, कारण तो देवरामच्या तोंडाच्या मापाने बसवला होता. आम्ही चाललो. वाईट नाही चाललो. पण कर्नलसाहेब यावेळी खुर्चीत पुढे सरकले नाहीत.

मग भाषण. पाहुणे शौर्याबद्दल बोलले, त्यागाबद्दल बोलले, पुन्हा शौर्याबद्दल बोलले. मग हात छातीवर ठेवून म्हणाले, "जवानांनो, मी जरी इथे उभा होतो, तरी मनाने तुमच्याबरोबर चालत होतो."

माझ्या मागून, ओठ न हलवता, बहिरूचा आवाज आला.

"आन माना पोऱ्याच कसा नुसता उभा सावलीला?"

मी दात एवढे आवळले की कानशिलं दुखली. माझ्या खांद्यातली थरथर शेजारच्याकडे गेली, त्याच्याकडून पुढच्याकडे. रांगच्या रांग जागेवर हलायला लागली. कुणाच्या तोंडातून आवाज नाही, पण डोळ्यांतून पाणी. जगदाळे साहेबांनी आमच्याकडे बघितलं, त्यांना कळलं, आणि त्यांनी पटकन तोंड फिरवलं. त्यांच्याही मिशा हलत होत्या.

पाहुण्यांना ते दिसलं. त्यांचा आवाज भरून आला. "तुमच्या डोळ्यांतले हे अश्रू," ते म्हणाले, "मी दिल्लीला घेऊन जाणार आहे." दुसऱ्या दिवशीच्या पेपरात आमचा फोटो होता आणि खाली लिहिलं होतं, भाषणाने जवान गहिवरले. तो पेपर मी अजून ठेवलाय. घरात पाहुणे आले की बायको तो दाखवते, आणि मी आत निघून जातो.

परेडनंतर बडा खाना होता. बडा खाना म्हणजे साहेब आणि जवान एकत्र बसून जेवतात ते. पाहुण्यांनी डाळ मागून घेतली. मग परत मागितली. मीठ अगदी भागीबाईने दाखवलं तेवढं होतं. खूश होऊन त्यांनी आचाऱ्याला बोलावलं. देवराम पळा हातात घेऊनच आला. दोघे समोरासमोर उभे राहिले तेव्हा पंगतीतली कुजबुज थांबली. तीच उंची, तेच पोट.

"छान झालंय जेवण," पाहुणे म्हणाले. "तुम्हाला मात्र परेड बघायला मिळाली नसेल. इथेच चुलीपाशी असाल."

"बघितली साहेब," देवराम म्हणाला. "महिनाभर बघितली. तुमच्याच जागेवरून."

पाहुण्यांना कळेना. जगदाळे साहेबांनी पुढे होऊन दबक्या आवाजात सांगितलं, की तालमीला आपल्या जागी हाच उभा असायचा. पाहुण्यांना मोठी गंमत वाटली.

"अस्सं? मग कशी वाटली माझी जागा?"

देवरामला कुणी प्रश्न विचारला की तो खरंच विचार करायचा. त्याने केला.

"बरी होती साहेब. सावली होती. पण आये बघाया आली, ती म्हणाली, सगळी पोरं राबतात आन तू नुसता उभा. मग मी परत लंगरात आलो."

पाहुणे मोठ्याने हसले. ते हसले म्हणून कर्नलसाहेब हसले, आणि कर्नलसाहेब हसले म्हणून बाकीचे सगळे साहेब हसले. मग पाहुण्यांचं हसू मध्येच थांबलं. ते समोरच्या गोल, घामेजलेल्या, पळा धरलेल्या माणसाकडे बघत राहिले. साहेब लोकांचं हसणं तोवर चालूच होतं, कारण थांबायचा हुकूम अजून मिळाला नव्हता.

पाहुण्यांनी वाटी पुढे केली, आणि देवरामने वाकून त्यांना डाळ वाढली.